इस्त्रीवाल्याच्या वहीतलं शून्य

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. दोन महिने तरी झाले असतील. कारण विचाराल तर रिलीज, आणि खरं कारण विचाराल तर आळस. असो. आज शनिवार, बाहेर पाऊस लागलाय, पोहे खाऊन झालेत, चहाचा दुसरा कप शेजारी आहे, आणि डोक्यात गेल्या आठवड्यातलं एक प्रकरण अजून घोळतंय. ते लिहून टाकल्याशिवाय झोप लागणार नाही.

आधीच सूचना देऊन ठेवतो, आजची पोस्ट बरीच टेक्निकल आहे. ज्यांना सी, कंपायलर वगैरे शब्द वाचून कॉलेजच्या सबमिशनची आठवण येते त्यांनी इस्त्रीवाल्याच्या भागापर्यंत उडी मारली तरी चालेल. :-)

मी नेटवर्क कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर लिहितो. घरच्यांच्या भाषेत 'कॉम्प्युटरचं काहीतरी'. आईने एकदा कौतुकाने पाहुण्यांना 'हा मोठ्या कंपनीत ड्रायव्हरचं काम करतो' असं सांगितलं होतं. त्या स्थळाचं पुढे काय झालं हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे.

तर झालं असं. क्लायंटने या वेळी कोड कव्हरेजचा रिपोर्ट मागितला. म्हणजे टेस्टिंग करताना ड्रायव्हरमधल्या किती ओळी, किती फंक्शन्स खरोखर चालली त्याचा हिशेब. नुसती टक्केवारी नको, फंक्शनवार यादी हवी. मी कर्नल जीकॉव्ह लावून बिल्ड केला, टेस्टिंग टीमने तीन दिवस टेस्ट केसेस चालवल्या, मी आकडे गोळा करून एलकॉव्हमधून रंगीत रिपोर्ट काढला. बहुतेक सगळं हिरवं. काही ठिकाणी लाल. आमच्या मॅनेजरला रंगीत एचटीएमएल आवडत नाही, त्याला एक्सेल लागतं. म्हणून ज्यांच्यापुढे शून्य आहे त्या फंक्शन्सची एक शीट केली, प्रत्येकापुढे संबंधित टेस्ट केस आणि ती चालवणाऱ्याचं नाव.

त्या शीटमध्ये एक फंक्शन होतं, इंटरप्टचा मास्क काढणारं. दोन ओळींचं. पाठ्यपुस्तकात द्यावं इतकं साधं. त्याच्यापुढे शून्य. आणि टेस्ट केस होती आमच्या टेस्टिंग टीममधल्या एका मुलीकडे. (नाव लिहू नकोस म्हणाली आहे, म्हणून नुसतं 'ती'.) माझ्यापेक्षा दोन वर्षांनी ज्युनियर, कमी बोलणारी, स्वतःच्या वहीत सगळं पेनाने लिहून ठेवणारी.

गुरुवारच्या मीटिंगमध्ये ती म्हणाली, "मी ही टेस्ट चालवली आहे. दोन वेळा."

मी म्हटलं, "चालवली असती तर शून्य आलं नसतं ना."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला हुशारी दाखवायची होती. लॅपटॉप प्रोजेक्टरला लावलेला होताच. मी तिथल्या तिथे टेस्ट मशीनवर लॉगिन केलं, एफट्रेस चालू केला, त्या एकाच फंक्शनवर फिल्टर लावला, आणि तिला म्हटलं, आता चालव. तिने चालवली. ट्रेस रिकामा. एक ओळ नाही.

"बघ," मी म्हटलं. "दोन वेगवेगळी टूल्स एकच सांगतायत."

खोलीत आठ जण होते. मॅनेजरने मिनिट्समध्ये लिहिलं की टेस्ट केस नीट चालवली गेली नाही, परत चालवायची. मिड-इयर रिव्ह्यू तोंडावर आलेला. ती काही बोलली नाही, वहीत काहीतरी लिहिलं. मी कॅन्टीनमध्ये जाऊन समोसा खाल्ला. चांगला लागला, हेही कबूल करतो.

शुक्रवारी सकाळी ती माझ्या डेस्कवर आली. हातात एक प्रिंटआउट. (आजच्या काळात प्रिंटआउट!) टेस्टच्या आधी आणि नंतर मशीनने मोजलेले इंटरप्टचे आकडे. तिने विचारलं, "अरे, तुझ्याच डिझाइन डॉक्युमेंटमध्ये लिहिलंय की इंटरप्ट आला की हँडलर मास्क लावतो, मग पोलिंग होतं, पोलिंग संपलं की हे फंक्शन मास्क काढतं. बरोबर?"

"बरोबर."

"हे फंक्शन चाललंच नसेल तर दुसरा इंटरप्ट यायला नको. एक आला की संपलं. मग टेस्टच्या दरम्यान हे अठ्ठेचाळीस हजार कुठून आले?"

मी त्या कागदाकडे बघत बसलो. माझं डिझाइन, माझा कोड, माझं डॉक्युमेंट. आणि एवढा साधा प्रश्न मला पडला नव्हता, कारण माझ्याकडे रंगीत रिपोर्ट होता.

ती गेल्यावर मी पहिल्यांदा जे करायला हवं होतं ते केलं. मोड्यूलची फाइल ऑब्जडंपमधून काढली आणि असेंब्ली वाचायला घेतली. पोलिंगच्या फंक्शनमध्ये जिथे मास्क काढणाऱ्या फंक्शनचा कॉल असायला हवा तिथे कॉलच नाही! त्या जागी रजिस्टरमध्ये आकडा लिहिणारी सूचना थेट बसलेली. आणि फाइलमध्ये दुसरीकडे ते फंक्शन अख्खं, नीटनेटकं, स्वतःचा काउंटर घेऊन उभं. त्याला कोणीच बोलवत नाही.

कंपायलरने त्याला इनलाइन केलं होतं.

आता इस्त्रीवाला. आमच्या सोसायटीच्या गेटपाशी एक इस्त्रीवाला बसतो. त्याच्याकडे एक लांबट वही आहे, त्यात फ्लॅट नंबर आणि कपड्यांचा आकडा. फंक्शन कॉल म्हणजे शर्ट घेऊन खाली जाणं, तो करून देईपर्यंत थांबणं, परत वर येणं. आता शर्ट एकच असेल तर जाण्यायेण्यातच जास्त वेळ जातो. मग माणूस काय करतो, घरीच इस्त्री फिरवतो. हेच इनलाइनिंग. फंक्शनचं अंग उचलून बोलावणाऱ्याच्या पोटात घालायचं, जाणंयेणं वाचवायचं. रजिस्टर्स जपून ठेवा, उडी मारा, परत या, हे सगळं बाद. शिवाय आजूबाजूचा कोड आणि आत आलेला कोड एकत्र दिसल्यामुळे कंपायलरला आणखी काटछाट करता येते, आणि खरा फायदा बहुतेक वेळा तोच असतो.

मी काय केलं होतं? इस्त्रीवाल्याची वही तपासली, माझ्या फ्लॅटपुढे शून्य बघितलं, आणि भर मीटिंगमध्ये जाहीर केलं की हिने चुरगळलेले कपडे घातलेत. शर्ट समोर कडक इस्त्रीचा दिसत असताना. एफट्रेसचा साक्षीदार तर आणखीच मजेशीर. तो फंक्शनच्या दारात बसतो, दारातून कोणी आत आलं की नोंद करतो. इनलाइन झालेल्या कॉपीला दारच नाही. म्हणजे मी दोन स्वतंत्र साक्षीदार आणले असं मला वाटत होतं, आणि प्रत्यक्षात दोघेही त्याच एका बंद दुकानासमोर बसलेले होते.

पण मग प्रश्न उरतो की रिपोर्टमध्ये ते फंक्शन दिसलंच कशाला? सगळीकडे इनलाइन झालंय, तर मूळ कॉपी कंपायलरने फेकून द्यायला हवी. इथे माझा गाढवपणा. ते फंक्शन स्टॅटिक नव्हतं. पूर्वी दुसऱ्या एका फाइलमधून त्याला कॉल होता, तो कॉल गेल्या वर्षी मीच काढला, पण स्टॅटिक करायचं विसरलो आणि हेडरमधलं डिक्लरेशन तसंच राहिलं. स्टॅटिक नसेल तर कंपायलरला वाटतं की बाहेरून कोणीतरी येईल, म्हणून तो एक कॉपी दुकानात ठेवतोच. त्या रिकाम्या दुकानाच्या गल्ल्यातलं शून्य मी वाचलं होतं.

आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. एलकॉव्हचा रिपोर्ट परत उघडला तर त्या फंक्शनच्या आतल्या ओळी हिरव्या होत्या! फंक्शनच्या रकान्यात शून्य, आणि त्याच फंक्शनच्या पोटातल्या ओळींपुढे भरभक्कम आकडे. रिपोर्ट एकाच पानावर दोन तोंडांनी बोलत होता, आणि मी त्यातलं एकच तोंड एक्सेलमध्ये कॉपी केलं होतं.

असं का होतं ते समजून घ्यायचं तर जीकॉव्ह मोजतो कसं ते बघावं लागतं, आणि ते खरंच सुंदर आहे. कर्नलमध्ये जीकॉव्हचा सपोर्ट 2009 साली 2.6.31 या आवृत्तीत आला. आयबीएमच्या पीटर ओबरपार्लेटरचं काम. जीसीसीला 'प्रोफाइल-आर्क्स' आणि 'टेस्ट-कव्हरेज' असे दोन फ्लॅग दिले की तो कोडमध्ये जागोजागी काउंटर पेरतो. पण प्रत्येक ओळीवर नाही. नळस्टॉपच्या चौकाची कल्पना करा. चार रस्ते. चौकात गाडी राहत नाही, जेवढ्या आल्या तेवढ्या गेल्या. मग चारही रस्त्यांवर मोजायला माणूस कशाला उभा करायचा? तीन रस्ते मोजा, चौथा वजाबाकीने येतो. बारावीला किर्चहॉफ होता ना, तोच. कंपायलर फंक्शनच्या सगळ्या वाटांचा नकाशा काढतो, त्यातून एक स्पॅनिंग ट्री वेगळा करतो, आणि त्या ट्रीबाहेरच्या वाटांवरच काउंटर ठेवतो. बाकीचं नंतर घरी बसून गणिताने. (म्हणूनच अनेक सीपीयू एकाच वेळी एकच काउंटर वाढवायला गेले आणि एखादी वाढ हरवली, तर वजाबाकी बिघडते. मल्टिथ्रेडेड प्रोग्रॅममध्ये एखादी ओळ ऋण वेळा चाललेली दिसू शकते ती यामुळेच. पहिल्यांदा बघितलं की माणूस चष्मा पुसतो.)

नकाशा कंपाइल करताना एका फाइलमध्ये लिहिला जातो, आकडे कर्नल चालताना डीबगएफएसमध्ये मिळतात. दोन्ही एकत्र आणले की ओळीओळीचा हिशेब लागतो.

आता गोम कुठे आहे? हे काउंटर पेरायचे कधी, यात. जीसीसीमध्ये इनलाइनिंग दोनदा होतं. मोठं इनलाइनिंग काउंटर पेरून झाल्यावर होतं. तेव्हा फंक्शन जिथे जाईल तिथे काउंटरही त्याच्याबरोबर जातो, हिशेब चुकत नाही. पण त्याच्याही आधी एक छोटं, घाईघाईचं इनलाइनिंग असतं. ज्या फंक्शनचं अंग कॉलच्या खर्चापेक्षाही लहान दिसतं ते, आणि ज्यांना सक्तीने इनलाइन करायला सांगितलंय ते, काउंटर पेरण्याआधीच आत ओढले जातात. जीसीसीच्या मॅन्युअलमध्ये याचं कारणही दिलंय: एकात एक गुंडाळलेली चिमुकली फंक्शन्स मोजत बसलं तर प्रोफाइलिंग फार महाग पडतं. रास्त आहे. पण परिणाम असा की माझं दोन ओळींचं फंक्शन पेरणीच्या आधीच पोलिंगच्या पोटात गेलं. त्याच्या ओळी कुठून आल्या हे डीबगच्या माहितीत शिल्लक, म्हणून ओळी हिरव्या. पण 'फंक्शनला किती वेळा बोलावलं' हे सांगणारा काउंटर फक्त दुकानात. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरेच होते.

तुम्ही म्हणाल, मग ऑप्टिमायझेशन बंद करून मोज की बाबा! जीकॉव्हच्या मॅन्युअलमध्ये हाच सल्ला आहे. साध्या प्रोग्रॅमला ठीक. पण लिनक्स कर्नल ऑप्टिमायझेशन पूर्ण बंद करून बिल्डच होत नाही. त्यात कितीतरी ठिकाणी असं गृहीत धरलंय की कंपायलर कधीच न चालणारा कोड स्वतःहून काढून टाकेल, नाही काढला तर बिल्ड मोडतो. म्हणजे कर्नलवाल्यांना हा सल्ला 'ताप आला असेल तर महाबळेश्वरला जाऊन या' यासारखा.

आणि 'इनलाइन' हा शब्द लिहिणं न लिहिणं याचा फारसा संबंध नाही, हेही मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. मी माझ्या फंक्शनवर तो लिहिलाच नव्हता, तरी झालं. उलट कर्नलमध्ये बरीच वर्षं हेडरमधल्या एका मॅक्रोने प्रत्येक 'इनलाइन'चं रूपांतर सक्तीच्या इनलाइनमध्ये केलं जायचं. 2008 च्या सुमारास एक्स86 साठी 'कंपायलरला ठरवू द्या' असा पर्याय आला, आणि 2019 अखेरच्या 5.4 पासून सगळीकडेच तो निर्णय कंपायलरकडे गेला. कर्नलच्या कोडिंग स्टाइलच्या डॉक्युमेंटमध्ये तर याला सरळ 'इनलाइनचा रोग' म्हटलंय, आणि तीन ओळींपेक्षा मोठ्या फंक्शनला ते लेबल लावू नका असं सुचवलंय. मी ते डॉक्युमेंट जॉइन झालो तेव्हा वाचलं होतं. वाचलं होतं म्हणजे पीडीएफ डाउनलोड केली होती.

शुक्रवारी रात्री फंक्शन स्टॅटिक केलं, बिल्ड केला, रिपोर्ट काढला. ती ओळ रिपोर्टमधून गायब! शून्यही नाही, काहीच नाही. विषय मिटला, सोमवारी तिची माफी मागू, असं म्हणून लॅपटॉप बंद केला.

शनिवारी सकाळी दाढी करताना डोक्यात दुसराच किडा वळवळला. जर इनलाइनिंगमुळे चाललेली गोष्ट शून्य दिसू शकते, तर न चाललेली गोष्ट हिरवी दिसू शकते का?

आमच्या ड्रायव्हरच्या एका हेडरमध्ये माझं एक लाडकं फंक्शन आहे. स्टॅटिक इनलाइन. काम एवढंच की कार्ड तयार आहे का ते विचारायचं, नसेल तर थोडं झोपायचं आणि परत विचारायचं. झोपायचं म्हणजे अक्षरशः, एमस्लीप. हे फंक्शन दोन फाइल्समध्ये वापरलं जातं. एक, ड्रायव्हर लोड होताना. दोन, आकडेवारी वाचताना. त्या रिपोर्टमध्ये हे फंक्शन शंभर टक्के हिरवं होतं, झोपेच्या ओळीसकट, आणि गुरुवारच्या मीटिंगमध्ये मी ते स्क्रीनवर जरा जास्तच वेळ ठेवलं होतं.

आता स्टॅटिक इनलाइन फंक्शन हेडरमध्ये असलं की ज्या ज्या फाइलने ते हेडर घेतलं आणि फंक्शन वापरलं, तिच्यात त्याची वेगळी प्रत तयार होते. आकडेही वेगळे साठतात. जीकॉव्ह बिचारा ते वेगळे ठेवतो. पण एलकॉव्ह शेवटी सोर्सच्या ओळीप्रमाणे सगळ्यांची बेरीज करतो, कारण वाचणाऱ्याला हेडर एकच दिसतं. म्हणजे दोन बिऱ्हाडांचं लाइट बिल एकत्र. एकाकडे दिवा लागला की दोघांकडे उजेड आहे असं दिसणार.

लोड होताना कार्ड नुकतंच जागं होत असतं, त्यामुळे तिथे झोपेची ओळ प्रत्येक वेळी चालते. पण आकडेवारी वाचताना कार्ड जवळजवळ नेहमीच तयार असतं. मी दुसऱ्या फाइलचे आकडे एकटे घेतले आणि त्यांच्यावर नुसता जीकॉव्ह चालवला, बेरजेशिवाय. झोपेच्या ओळीपुढे पाच हॅश. जीकॉव्हच्या भाषेत याचा अर्थ, कधीच चालली नाही.

तरीही 'नसेल चालली, त्यात काय' असं म्हणता आलं असतं. पण आकडेवारी वाचणारा कोड स्पिनलॉक धरून ते फंक्शन बोलावतो. स्पिनलॉक धरून झोपायचं नसतं. कर्नलमधला हा पहिला धडा आहे, नवीन पोरांना मी स्वतः शिकवतो. लॉक धरलेला झोपला की त्या लॉकसाठी थांबलेले बाकीचे सीपीयू जागच्या जागी गोल गोल फिरत बसतात.

कार्ड 'तयार नाही' असं खोटं सांगणारा एक पॅच लावला, तिने टेस्टमध्ये वापरलेलीच आकडेवारीची कमांड दिली. पहिल्याच फटक्यात लॉगमध्ये 'शेड्युलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक', खाली लांबलचक स्टॅक ट्रेस. घसा कोरडा पडणं म्हणजे काय ते कळलं. कारण हा कोड दोन आठवड्यांपूर्वीच क्लायंटकडे गेलेला आहे. त्यांच्याकडे कार्ड कधी हळू उत्तर देईल ते कोण सांगणार? उन्हाळ्यात, लोडखाली, एखाद्या जुन्या फर्मवेअरवर...

थोडं विषयांतर, पण इथेच सांगायला हवं. कव्हरेज मोजायची दुसरी पद्धत कर्नलमध्ये आहे, केकॉव्ह. 2016 मध्ये 4.6 या आवृत्तीत गूगलच्या दिमित्री व्युकोव्हने आणली, सिझकॉलर या फझरसाठी. तिची पेरणी खूप उशिरा होते, इनलाइनिंग वगैरे सगळे सोपस्कार आटोपल्यावर. आणि ती ओळी मोजतच नाही, पत्ते नोंदवते. कोडच्या प्रत्येक तुकड्यातून जाताना 'मी अमुक पत्त्यावर आहे' एवढंच. इनलाइन झालेल्या प्रत्येक प्रतीचा पत्ता वेगळा, त्यामुळे दोन बिऱ्हाडांची बिलं आपोआप वेगळी. आमच्या दुसऱ्या झोपेचा पत्ता तिच्या यादीत आलाच नसता. अर्थात तीही सर्वज्ञ नाही, एखाद्या प्रोसेसच्या सिस्टिम कॉलमधून जे चालतं तेच ती मुळात नोंदवते, इंटरप्टमध्ये चाललेलं नाही. म्हणजे माझं मास्क काढणारं फंक्शन तिच्याकडेही दिसलं नसतं. क्लँगमध्ये आणखी एक प्रकार आहे, त्यात काउंटर अगदी सुरुवातीला, सोर्सचा अर्थ लावतानाच बसवले जातात, म्हणून नंतर कितीही इनलाइनिंग झालं तरी फंक्शनचा आकडा शाबूत राहतो. पण तो हेडरची बेरीज करतच नाही असं नाही. कोणी आधी पेरतो, कोणी मध्ये, कोणी शेवटी, आणि तिघांच्याही रिपोर्टवर शब्द एकच: कव्हरेज.

आणि हे तिघेही मोजायच्या नादात कोड बदलतात, हे मला सगळ्यात जास्त टोचतं. काउंटर पेरला की फंक्शन जाडं होतं. जाडं झालं की मोठ्या इनलाइनिंगच्या वेळी कंपायलर वेगळा निर्णय घेऊ शकतो. म्हणजे ज्या बायनरीचं कव्हरेज आम्ही छातीठोकपणे मेल करतो ती बायनरी क्लायंटकडे जातच नाही. जाते तिची सडपातळ बहीण.

असो. रविवारी बसून दुरुस्ती केली. झोपणाऱ्या फंक्शनचे दोन भाग केले, एक झोपणारं, एक न झोपता थोडा वेळ थांबून सरळ एरर परत करणारं, आणि दोघांवर 'नोइनलाइन' लिहिलं, म्हणजे निदान मोजताना दारं शाबूत राहतील. मग मेल लिहायला घेतला. कोड लिहायला दीड तास लागला, मेलला तीन. पहिल्या ड्राफ्टमध्ये 'टूलिंग लिमिटेशनमुळे रिपोर्टमध्ये विसंगती आढळली' असं वाक्य होतं. वाचलं आणि स्वतःचीच शिसारी आली. वाक्य असं लिहिलं की जणू जीकॉव्हनेच मीटिंगमध्ये तिला बोल लावले होते.

शेवटी सरळ लिहिलं. तिची टेस्ट दोन्ही वेळा नीट चालली होती. रिपोर्ट मी चुकीचा वाचला. मिनिट्समधलं ते वाक्य काढावं. तिच्या प्रश्नामुळेच शोध घेतला आणि त्यात माझ्याच कोडमधला बग सापडला, तो क्लायंटकडे गेलेला आहे, त्यांना आजच कळवायला हवं, पॅच जोडला आहे. सीसीमध्ये गुरुवारी खोलीत असलेले सगळे.

सोमवारी सकाळी नऊ वाजता पाठवला. मॅनेजरचा फोन नऊ-सातला आला, तो संवाद इथे लिहिण्यासारखा नाही. क्लायंटचा कॉल दुपारी झाला. ते आरडाओरडा करतील असं वाटलं होतं, पण तिकडच्या इंजिनियरने फक्त विचारलं की मागच्या रिपोर्टपेक्षा फंक्शन्सची संख्या एकने कमी का झाली? स्टॅटिक, इनलाइन, दुकान, वही, सगळं परत पहिल्यापासून सांगितलं. इस्त्रीवाला समजावताना जरा अडचण आली, त्यांच्याकडे तो नसतो.

तिचं उत्तर मात्र सगळ्यात आधी आलं होतं, नऊ वाजून चार मिनिटांनी, रिप्लाय ऑल. एकच ओळ.

"बगच्या तिकिटात स्टेप्स टू रिप्रोड्यूस लिहायच्या राहिल्या आहेत, त्या टाक, म्हणजे मी व्हेरिफाय करायला घेते."